शून्य न उमटणारा फोन

पंचवटीतल्या एका मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही दहा-बारा जण बसतो. खोलीत दोन टेबलं आहेत. दाराजवळच्या टेबलावर शिकवणी चालते: व्हिडिओ कॉल कसा लावायचा, सातबारा कुठून काढायचा, गॅस कसा नोंदवायचा, ओटीपी कुणालाही का सांगायचा नाही. खिडकीजवळच्या टेबलावर दुरुस्ती चालते: चार्ज न होणारे फोन, फुगलेल्या बॅटऱ्या, खरखरणारे रेडिओ, मुलांनी टाकून दिलेले लॅपटॉप. मजुरी घेत नाही. पार्टचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.

ही पद्धत आमची नव्हे. मार्टिने पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि तिथून ही कल्पना देशोदेशी गेली. बिघडलेली वस्तू दुकानात सोडून जायची नाही, जाणकाराच्या शेजारी बसून ती दोघांनी मिळून उघडायची, हा तिचा गाभा. आम्ही त्याला शिकवणीची जोड दिली, कारण नाशकात आमच्याकडे येणाऱ्या वयस्कर माणसांची पहिली तक्रार ‘फोन बिघडलाय’ अशी नसते. ‘मला येत नाही’ अशी असते.

हे प्रकरण त्या दोन टेबलांमधल्या पंधरा फुटांचं आहे. मी शिकवणीच्या टेबलावर बसते. चूक माझ्या टेबलावर झाली, म्हणून लिहिण्याचं कामही मीच घेतलं आहे.

मावशी

त्यांचं नाव इथे देत नाही. वय अडुसष्ट, माहेर आणि सासर दोन्ही सिन्नर तालुक्यात. सिन्नरला आता एमआयडीसी आहे, पण त्याआधी कितीतरी घरं विड्यांवर चालली. मावशींनी तीसेक वर्षं विड्या वळल्या. टेंभुर्णीचं पान भिजवायचं, साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते. म्हणजे अंगठा आणि शेजारची दोन बोटं रोज शेकडो वेळा त्याच खरखरीत पानावर घासली जाणार. मावशींच्या उजव्या अंगठ्याचं कातडं आजही गुळगुळीत आणि टणक आहे. उजेडात धरलं तर त्यावर रेषा शोधाव्या लागतात.

त्यांना कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची पेन्शन मिळते. या योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. मावशींची त्याहून थोडीच जास्त. रक्कम लहान वाटते, पण ती त्यांच्या स्वतःच्या खात्यावर येते आणि त्यातून त्या नातीला वह्या घेतात, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणतात. मुलाकडे हात पसरावा लागत नाही, हे त्या पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या.

पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी पेन्शनरांची गर्दी नोव्हेंबरात असते. या योजनेत मात्र दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. मावशींचा ऑगस्टअखेर संपत होता.

मागच्या वर्षी तो देताना त्यांचे फार हाल झाले. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आहे: आधार क्रमांक, पेन्शनचा क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की कागद नेऊन द्यावा लागत नाही. एका केंद्रावर मावशींनी दहाही बोटं लावली. यंत्रानं एकही घेतलं नाही. दुसऱ्या केंद्रावरही तेच. तिथल्या माणसानं सांगितलं, “आजी, तुमची बोटंच संपली आहेत.” तीन महिने पेन्शन थांबली. शेवटी एका ठिकाणी बुबुळाचं यंत्र मिळालं, दाखला गेला आणि थकलेले पैसेही आले. पण ते वाक्य त्यांच्या मनात राहून गेलं.

यंदा त्यांना दाखला स्वतःच्या फोनवरून, चेहरा दाखवून द्यायचा होता. नोव्हेंबर २०२१ पासून ती सोय आहे. आधारचं चेहरा ओळखणारं ॲप आणि जीवन प्रमाणचं ॲप अशी दोन ॲप लागतात. बोटाच्या ठशाचा संबंधच येत नाही. शेजारणीकडून त्यांना आमचा पत्ता कळला आणि जूनच्या दुसऱ्या रविवारी त्या आल्या. हातात मुलाचा जुना फोन, कमरेच्या पिशवीत एक छोटी वही.

पाच रविवार

आमचा बेत साधा होता. दाखल्याच्या ॲपला थेट हात घालायचा नाही. आधी फोन हाताळणं अंगवळणी पडू दे: संदेश वाचणं, नंबर जतन करणं, व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिणं, ओटीपी टाकणं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. वाचन सावकाश, पण नेमकं. आकड्यांची अडचण अजिबात नाही. हजाराच्या हिशेबावर आयुष्य गेलं आहे.

पहिल्या रविवारी त्यांनी मुलाला फोन लावला, मुलीला व्हिडिओ कॉल केला, फोटो काढला. आम्ही खूश. दुसऱ्या रविवारी ओटीपीचा सराव घेतला आणि तिथे गाडी अडली. संदेश आला की त्या सहा आकडे वहीत उतरवून घेत, मग ॲपवर परत येऊन एकेक आकडा टाकत. कधी नीट लागे, कधी पाचच आकडे उमटत. “मावशी, एक आकडा राहिला.” त्या परत दाबत. नाहीच. तोवर वेळ संपे.

मग आमच्यापैकी कुणीतरी “द्या इकडे” म्हणून फोन घेई, नवा ओटीपी मागवी आणि दोन सेकंदांत काम उरके. इथे एक बारकावा आहे आणि तो आमच्या लक्षात आला नाही. आम्ही ओटीपी टाकत नव्हतोच. संदेश आला की तो आकडा कीबोर्डच्या वरच्या पट्टीत आपोआप दिसतो. त्यावर बोट ठेवलं की सहाही आकडे एकदम भरले जातात. आम्ही सगळे तेच करतो, विचार न करता. म्हणजे ज्या कळांवर मावशी झगडत होत्या, त्या कळांना आम्ही कधी बोटच लावलं नव्हतं.

व्हॉट्सॲपवर दुसरीच गोष्ट. त्यांचा नातीला पाठवलेला संदेश असा: ‘कशीआहेसबाळाजेवलीका’. आमच्यातले निवृत्त शिक्षक शुद्धलेखनाला जपणारे. त्यांनी प्रेमानं, पण तीनदा समजावलं की दोन शब्दांत जागा सोडायची असते, खाली लांब कळ आहे ती दाबायची. मावशी मान डोलावत. पुढचा संदेश पुन्हा जोडून. सरांना वाटलं, जुनी सवय आहे, जाईल हळूहळू.

तिसऱ्या रविवारी मावशींनी स्वतःच निदान सांगितलं. “ताई, फोनचा दोष न्हाई. माझी बोटंच ऱ्हायली न्हाईत. मशिनीलाबी दिसली न्हाईत, ह्यालाबी दिसत न्हाईत.”

आम्हाला ते पटलं, आणि हे मी जसंच्या तसं नोंदवते आहे. फोनच्या काचेला बोटाचा ठसा लागत नाही. काचेखाली न दिसणाऱ्या विद्युतवाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि बोट कुठे आहे ते फोनला कळतं. कातडीवरच्या रेषा गेल्या म्हणून त्याचं काही अडत नाही. पण कातडी फार कोरडी आणि जाड असेल तर स्पर्श थोडा क्षीण पोचतो, हेही खरं. मला ही अर्धी माहिती होती. अर्ध्या माहितीवर मी सल्ला दिला: बोट जरा ओलं करून दाबा.

त्यांनी केलं, आणि कधी कधी ते चाललं. आज कळतं का चाललं: शून्याच्या कळीच्या अगदी वरच्या कडेला बोट पडलं तर तो उमटत असे. नेमकं त्याआधी बोट ओलं केलेलं असलं की श्रेय पाण्याला. दोन-तीनदा असं झाल्यावर आमची शंका मिटली. चौथ्या रविवारी मी मावशींना हाताला मलम लावायला सांगितलं.

पाचव्या रविवारनंतर मी आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: ‘शिकायला वेळ लागतो आहे. दाखला आपणच करून द्यावा का?’

आयकॉन जिथे सुटला

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागल्याची बातमी सकाळीच फिरत होती. गोदेला पूर आला की पंचवटीतली निम्मी माणसं घाटाकडे जातात, निम्मी घरात थांबतात. आम्ही चौघंच होतो.

त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या, पण शिकायला नाही. फोन चार्ज होईना म्हणून थेट खिडकीजवळच्या टेबलावर गेल्या. तिथे बसणारी मुलगी एरवी एम. जी. रोडला मोबाइलच्या दुकानात काम करते; सुट्टीचा दिवस आम्हाला देते. तिनं चार्जिंग जॅकमध्ये उजेड टाकून पाहिला. कमरेच्या पिशवीतला धाग्यांचा लगदा आत घट्ट बसला होता. फोन बंद करून तिनं लाकडी काडीनं तो सोडवला, मऊ ब्रश फिरवला, फोन चालू केला, चार्जर लावला. पाच मिनिटांचं काम.

मग तिनं जे केलं ते तिच्या हाताच्या सवयीनं केलं. दुकानात फोन परत देण्याआधी टच तपासतात. एक आयकॉन बोटानं दाबून धरायचा आणि न सोडता पडद्यावर वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे फिरवत न्यायचा. काच सगळीकडे जिवंत असेल तर आयकॉन बोटाबरोबर फिरतो. कुठे मेलेली जागा असेल तर तिथे तो हातातून सुटतो.

खालच्या भागात आयकॉन सुटला. तिनं पुन्हा नेला, पुन्हा तिथेच सुटला. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, करंगळीएवढ्या रुंदीची एक आडवी पट्टी मेलेली होती.

“मावशी, हा फोन पडला होता का कधी?”

“पोराच्या हातून पडला व्हता. वरची काच बदलली त्यानं.”

वरून चिकटवलेली टेम्पर्ड काच काढून तिनं भिंग लावलं. मूळ काचेच्या उजव्या कडेला केसाएवढी चीर होती. जाळीतल्या आडव्या रेषा कडेला येऊन मिळतात. तिथे चीर गेली की त्या रेषांवरची सगळी पट्टी, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बहिरी होते. रंग, उजेड, चित्र सगळं ठीक दिसतं. फक्त ऐकू येत नाही.

त्या पट्टीवर काय येतं ते पाहायला तिनं कीबोर्ड उघडला. आकड्यांच्या कीबोर्डवर सर्वांत खालची ओळ, म्हणजे शून्य. अक्षरांच्या कीबोर्डवर त्याच उंचीला लांब कळ, म्हणजे दोन शब्दांतली जागा. फोन लावायच्या डायलरमध्ये मात्र शून्य जरा वर असतो आणि ती पट्टी शून्य आणि हिरव्या बटणाच्या मधल्या रिकाम्या जागेवर येत होती. म्हणून मावशींना फोन लावता येत होता, पण ओटीपी टाकता येत नव्हता, आणि म्हणूनच नातीचे संदेश जोडून जात होते.

तिनं मला हाक मारली नाही. फोन घेऊन पंधरा फूट चालत आली, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “ताई, तुम्ही शून्य दाबा.” मी दाबला. उमटला नाही. मग तिनं माझा फोन मावशींच्या हातात दिला. “मावशी, ह्याच्यावर दाबा.” मावशींनी कोरड्या अंगठ्यानं दाबला. शून्य, शून्य, शून्य. त्या दाबतच राहिल्या.

ही दोन मिनिटांची तपासणी. त्यांचं बोट दुसऱ्या फोनवर, दुसऱ्याचं बोट त्यांच्या फोनवर. पाच रविवारांत आमच्यापैकी एकालाही ती सुचली नव्हती. कारण दोष कुठे आहे ते आम्ही आधीच ठरवून बसलो होतो, आणि ते ठरवायला मावशींनीच आम्हाला मदत केली होती. एका यंत्राबद्दल खरं असलेलं वाक्य त्यांनी दुसऱ्या यंत्राला लावलं होतं. ते वेगळं करून दाखवणं हे आमचं काम होतं.

मग मावशींनी वही काढली. ओटीपी लागला की त्या त्यावर काट मारत; न लागलेले तसेच ठेवत. वहीत अकरा ओटीपी होते. सहा तसेच राहिलेले, आणि त्या सहांतल्या प्रत्येकात किमान एक शून्य. काट मारलेल्या पाचांपैकी चारांत शून्य नाही. एकात होता, तो बोट वरच्या कडेला पडला तेव्हाचा असणार. सगळा पुरावा महिनाभर त्यांच्या कमरेला होता.

हिशेब करून पाहिला तर हे अनपेक्षितही नाही. सहा आकडी ओटीपीत एकही शून्य नसण्याची शक्यता ०.९ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ५३ टक्के. उरलेल्या ४७ टक्के वेळा कुठेतरी शून्य असतोच. म्हणजे हा बिघाड जवळपास निम्म्या वेळा प्रकट होतो आणि निम्म्या वेळा लपतो. कायम बंद पडलेल्या कळीवर कुणीही लगेच बोट ठेवलं असतं. कधी चालणारी, कधी न चालणारी कळ माणसावर संशय आणते.

त्याच दुपारी

दाखल्याची मुदत संपायला पाचेक आठवडे होते, पण मावशींना थांबायचं नव्हतं आणि आम्हालाही. नवी काच मिळेपर्यंत काय करता येईल ते त्या मुलीनंच सुचवलं. जीबोर्ड या कीबोर्डच्या ॲपच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते. सर्वांत उंच ठेवल्यावर खालची ओळ वरपर्यंत वाढली आणि शून्याच्या कळीचा वरचा अर्धा भाग मेलेल्या पट्टीच्या बाहेर आला. एक रुपयाही खर्च नाही. ज्या ॲपमध्ये त्यांचा स्वतःचा आकड्यांचा फलक असतो, उदाहरणार्थ यूपीआयचा पिन टाकताना, तिथे ही युक्ती चालत नाही. पण मावशी या फोनवर पैशांचे व्यवहार करत नाहीत.

नातीला पहिला सुटा-सुटा संदेश गेला तेव्हा सर शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून मावशींच्या बाजूला बसले.

मग दाखला. जीवन प्रमाणच्या ॲपमध्ये आधी ‘ऑपरेटर’ नोंदवावा लागतो, मग पेन्शनर. नाव ऐकून वाटतं की कुणी अधिकारी माणूस लागेल. तसं नाही, पेन्शनर स्वतःच ऑपरेटर होऊ शकतो. आम्ही मुद्दाम तसंच केलं, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाची वाट पाहायला नको. प्रत्येक ओटीपी मावशींनी टाकला. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. ते सोपं नव्हतं. समोरचा माणूस अडखळला की हात आपसूक फोनकडे जातो. त्यामागे मदतीची घाई असते, हे मी जाणते. पण त्या घाईतच आमचे पाच रविवार गेले होते.

चेहऱ्याची पायरी तीनदा फसली. पहिल्यांदा पाठीमागे खिडकी होती, चेहरा काळवंडला. दुसऱ्यांदा पदर कपाळावर आला. तिसऱ्यांदा चष्म्यावर ट्यूबलाइट चमकली. चष्मा काढला, पाठ भिंतीकडे केली, तोंड उजेडाकडे. पडद्यावरची सूचना इंग्रजीत होती, ती सरांनी वाचली: डोळे मिटून उघडा. मावशींनी डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि गोल हिरवा झाला. प्रमाणपत्राचा क्रमांक संदेशानं आला. त्यात दोन शून्य होते. त्यांनी तो वहीत उतरवला आणि लगेच काट मारली.

त्यांच्या बोटांबद्दल जे खरं होतं तेही त्याच बैठकीत सांगितलं: ठसे पुसट झाले आहेत हे खरं, ठशाच्या यंत्रावर पुढेही अडचण येईल, रेशनला किंवा बँकेत असं झालं तर चेहरा, बुबुळ किंवा ओटीपीचा पर्याय आहे का ते विचारायचं, आणि आधार केंद्रावर ठसे नव्यानं देऊन पाहता येतात. सगळा दोष फोनवर ढकलून त्यांना बरं वाटू देणं हेही अर्धसत्यच झालं असतं.

फोल्डर

कीबोर्ड उंच करणं ही तात्पुरती सोय होती. चीर वाढली की पट्टीही वाढते. मुलाचं म्हणणं, नवा फोन घेऊ. त्यात वाईट काही नव्हतं, पण मावशी तयार होईनात, आणि मला त्यांचं कारण पटलं: या फोनवर कुठे काय आहे ते त्यांना आता डोळे मिटून माहीत होतं. नव्या फोनवर सगळी जागा बदलणार. दोन महिन्यांची कमाई गेली असती.

काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला जो भाग असतो त्याला बाजारात फोल्डर म्हणतात. एकटी काच बदलणं या स्वस्त फोनमध्ये परवडत नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण सहा वर्षं जुन्या स्वस्त मॉडेलचा पार्ट हवा असेल तर अजूनही बाजारच पालथा घालावा लागतो. एम. जी. रोडला दोन प्रकार मिळाले: ७५० रुपयांचा आणि १,१०० रुपयांचा. स्वस्तात रंग फिके आणि टच जरा मंद. बोटं कोरडी असलेल्या माणसाला मंद टच देऊन चालणार नव्हतं. १,१०० चा घेतला. मावशींच्या महिन्याच्या पेन्शनएवढी ही रक्कम आहे, हे आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. निम्मे मुलानं दिले, निम्मे आमच्या पैशांच्या डब्यातून.

आधी फोटो आणि नंबर सुरक्षित ठेवले. नुसता फोल्डर बदलायचा तर आतलं काही जात नाही, पण उघडलेल्या फोनचं काय होईल सांगता येत नाही. मागचं झाकण गरम करून सैल केलं, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग जुन्या फोल्डरची पट्टी. नवा फोल्डर चिकटवण्याआधी नुसता जोडून पाहिला आणि आयकॉन फिरवला. वरच्या डाव्या कोपऱ्यात तो सुटला. कोरा करकरीत पार्ट, पण सदोष. वरचा संरक्षक कागद काढलेला नव्हता म्हणून दुकानदारानं बदलून दिला. कागद काढला की परत घेत नाहीत. चिकटवून झाल्यावर कळलं असतं तर ते पैसे गेलेच असते. दुसरा तपासला, नीट निघाला, डिंक लावून रबरबँड बांधून दिवसभर ठेवला. सगळं होत असताना मावशी शेजारी बसून होत्या. स्क्रू त्यांनी वहीच्या पानावर काढलेल्या जागांवर क्रमानं ठेवले. हाताला बारीक कामाची सवय आहे, एकही इकडचा तिकडे झाला नाही. जुना फोल्डर घंटागाडीत न देता ई-कचऱ्याच्या पोत्यात गेला.

नोंदवही

आता आमच्याकडे येणारा प्रत्येक फोन आधी खिडकीजवळच्या टेबलावर जातो, मालकाची तक्रार असो वा नसो. आयकॉन फिरवून टच, जॅकमध्ये उजेड, एक फोन लावून माइक आणि आवाज, जागा किती शिल्लक आहे, पाठ फुगलेली आहे का. चार-पाच मिनिटं जातात. गर्दी असली की ती जड वाटतात आणि एक-दोघांनी कुरकूरही केली. मी ऐकलं नाही. दुसरं म्हणजे शिकवणीच्या टेबलावर ओटीपी वरच्या पट्टीतून भरायचा नाही असं ठरवलं. समोरचा माणूस जसा टाकतो तसाच, कळ न कळ दाबून आपणही टाकायचा. आणि टेबलं आता एकमेकांना लागून आहेत.

मला जास्त टोचलं ते नोंदवहीतलं माझं वाक्य. मागची पानं चाळली तर ‘शिकायला वेळ लागतो’ असं किंवा त्याच अर्थाचं काही वर्षभरात आणखी सात जणांच्या नावापुढे लिहिलेलं सापडलं. चार माझ्या अक्षरात. त्यातले बहुतेक दोन-तीनदा येऊन थांबले होते.

सातही जणांना फोन केले. एका काकूंच्या फोनची उजवी कड मेलेली निघाली. त्यांना ‘पुढे’चं बटण लागत नसे. एका आजोबांचा फोन उत्तम होता, मोतीबिंदू पिकला होता; अक्षरं मोठी करून दिली आणि त्यांच्या सुनेशी बोललो. एका काकांच्या फोनला काहीच झालेलं नव्हतं, त्यांना खरोखरच वेळ लागतो, आणि ते पुन्हा यायला लागले आहेत. दोन नंबर बंद लागले. एक आजी म्हणाल्या, “नको बाई आता, नातू करतो सगळं,” आणि फोन ठेवून दिला.

सातवे दिंडोरीकडचे. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी उरकली की फोन घेऊन येतो म्हणाले आहेत.